बेंबी सरकली म्हणे

१४ एप्रिल १९३८

गोंदियाहून परत. बैलांच्या रेंगीत बसून हाडं खिळखिळी झाली, पण मन हलकं आहे. म्हा.च्या पोटात व्रण निघाला. म्हा. म्हणजे म्हातारा. सासरे आहेत, तोंडावर मामाजी म्हणावं लागतं. वहीत मी मला हवं ते म्हणेन.

मागच्या आठवड्यात त्याला चहाच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले.

डॉक्टर म्हणाले, जठर म्हणजे एक पखाल समजा. आत अन्न जिरवणारा आंबट रस. अस्तर शाबूत तोवर सगळं ठीक, कुठे चट्टा पडला की तोच रस आपल्याच मांसाला लागतो. म्हणजे म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचंच पोट खाऊन राहिलं आहे! मी मुद्दाम दोनदा विचारलं, पुन्हा ऐकायला. डॉक्टरांना वाटलं, सून काळजी करणारी आहे.

पथ्य: थोडं थोडं दूध, पातळ पेज, खायचा सोडा. तिखट, तंबाखू बंद. पोट दाबायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही, व्रण फुटेल. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट झाली तर आतून रक्त जातंय असं समजून लगेच गाडी जुंपायची.

हे सगळं मलाच सांगितलं. हे बाहेर बैलांना पाणी पाजत होते.

१५ एप्रिल

काल एक लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, हात उचलेना.

निघताना डॉक्टरांना वेणूचं विचारलं. माझी वेणू, नऊ वर्षांची. मागच्याच्या मागच्या दिवाळीआधी गेली. आधी बेंबीभोवती दुखत होतं, मग उलटी, मग दुखणं उजवीकडे खाली उतरलं. ताप. गावभरच्या बेंब्या म्हा.च बसवतो; त्याने तिला ओसरीवर उताणी निजवली, बेंबीवर तीन बोटं ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठोका मधात नाई. बेंबी सरकली पोरीची." अंगठ्याला तेल लावून उजवीकडून मधात दाबत आणलं. ती किंचाळली आणि एकदम शांत झाली. दुखणं थांबलं म्हणाली. गावाने वाहवा केली, म्हा.ने गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी पोट फळीसारखं कडक. तिसऱ्या दिवशी...

डॉक्टर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे करंगळीएवढं शेपूट असतं. ते सुजलं की दुखणं बेंबीपाशी सुरू होतं आणि उजवीकडे जातं. दुखणं सरकतं बाई, बेंबी नाही. बेंबी म्हणजे नाळेचा वण, ती कुठे जाणार? आणि ठोका पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीचा, तो तुमच्याही पोटात लागेल.

"आणि आराम पडला तो?"

"शेपूट फुटलं की घटकाभर पडतो."

म्हणजे गूळ त्या फुटण्याचा वाटला.

मला म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकायचं आहे, चारचौघांत, त्याच ओसरीवर: वेणूची बेंबी सरकली नव्हती. ते ऐकल्याशिवाय त्याने मरू नये. आणि ऐकल्यावर सुखाने जगूही नये.

२३ एप्रिल

पथ्य काटेकोर. दूध, पेज, दूध. आमच्यासाठी लाल मिरचीचा ठेचा वाटला, फोडणी दिली तेव्हा मधलं दार सताड उघडं ठेवलं. म्हा. ओसरीवर नाक वर करून बसला होता, आजारी बोक्यासारखा.

"एवढंसं दे वो, सूनबाई. बोट लावतो फक्त."

"डॉक्टर नको म्हणाले, मामाजी."

गावभर माझं कौतुक. सून असावी तर अशी.

२ मे

आज पेजेत चिमूटभर तिखट घातलं. हो, घातलं.

म्हा. दोन वाट्या प्याला. "आज जेवल्यासारखं वाटलं," म्हणाला, आणि मला आशीर्वाद दिला! दुपारी गुडघे पोटाशी घेऊन पडला. मी सोडा दिला.  वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, तेही वाटलं नाही.

पुन्हा घालणार नाही. दयामाया म्हणून नव्हे. असा गुपचूप मेला तर माझं ऐकायचं राहून जाईल.

१० मे

टोलीवरची, गावाबाहेरच्या वस्तीतली फुलवंता पोरीला कडेवर घेऊन आली. पोर पाच-सहा वर्षांची, पोट धरून रडत होती. म्हा.ला उठवत नाही, पण 'बाबाजी' अशी हाक ऐकली आणि ताठ बसला. मला म्हणतो, "तेल आण."

मी तेल आणलं नाही. पोरीच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन बसले.

"हात लावायचा नाही."

"काऊन?"

"तुम्हाला माहीत आहे काऊन."

ओसरीवर चार-पाच जण होते. म्हा.ने माझ्याकडे पाहिलं. एक क्षण वाटलं, आता बोलतो. त्याने तेलासाठी हात पुढे केला. हे धावत आले, "चारचौघात बापाची लाज काढतेस?" फुलवंता बिचारी घाबरली. म्हणाली, "बाबाजीचा हात लय गुणाचा हाय, बाई." मी तिला गोंदियाला जायला लावलं, जाणाऱ्या बैलबंडीत बसवून.

हे रात्री ओसरीवर निजले. निजोत.

१३ मे

फुलवंताच्या पोरीला जंत निघाले. नुसते जंत! डॉक्टरांनी पुडी दिली, पडले, पोर खेळायला लागली. आता सगळं गाव हसतंय. जंतासाठी गोंदिया! विहिरीवर बायका मला बघून पोट धरतात. म्हा. सगळ्यांना सांगतो, "शिकलेली हाय ना ते."

चालेल. पोर जिवंत आहे, हसा मेल्यांनो. पण आतून जळफळाट झाला हे खरं. हरले मी. आता पुढच्या पोराच्या वेळी कोणी माझं ऐकून थांबणार नाही.

४ जून

म्हा. खंगलाय. गालफडं आत गेली. तंबाखू चोरून खातो, ह्यांनीच आणून दिली असणार. मी विचारलं नाही. अशक्तपणामुळे आता शौचाला परसातच बसतो, वर राख मी टाकते. दोन वर्षांत ह्या माणसाने वेणूचं नाव घेतलेलं नाही. एकदाही नाही.

१२ जून

शेजारच्यांनी टोपलीभर जांभळं दिली. म्हा. ओंजळीने खात सुटला. जीभ, ओठ, हात सगळं जांभळं. पथ्यात जांभूळ होतं की नाही, आठवेना. अडवलं नाही.

१३ जून

सकाळी राख टाकायला गेले. काळी. जांभळाची असते तशी नाही. डांबर, चिकट, आणि वास असा की तोंडावर पदर घ्यावा लागला.

ह्यांना म्हणाले, मामाजींचं काळं आहे. म्हा.च पडल्या पडल्या बोलला, "कालची जांभळं होत ना ते." हे हसले आणि बैल घेऊन शेतावर गेले. काळं दिसलं की लगेच गाडी जुंपायची, हे डॉक्टरांचं सांगणं मी पुढे बोलले नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

दुपारी म्हा. पांढराफटक. घाम. मला जवळ बोलावलं. घरात दुसरं कोणी नाही.

"सूनबाई, माही बेंबी सरकली. ठोका मधात लागत नाई. तेल लावून अंगठ्यानं दाब. जोरानं दाब."

तेल आणलं. हो, ह्या वेळी आणलं. अंगठ्याला लावलं, त्याच्या बेंबीवर ठेवला. ठोका लागला, जोरजोरात, अगदी मधोमध. एक दाब दिला असता की झालं असतं, आणि गावाने म्हटलं असतं, त्यानंच दाबायला सांगितलं होतं.

"दाब ना वो."

मी विचारलं, "वेणूची सरकली होती का?"

त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "नाई. ठोका मधातच होता तिचा. पण सारे लोक पाहून राहिले होते माह्याकडं. नाई म्हणालो असतो तं..."

 रडला नाही. मी अंगठा उचलला आणि तेलाचा हात घेऊन आत आले. वहीला डाग पडलाय.

हेच ऐकायचं होतं मला. ऐकलं, पण एकटीने. मेला तर गाव म्हणेल, गुणाच्या हाताचा माणूस गेला. वाचला तर उद्या सगळं नाकबूल करील आणि पुन्हा कुणाच्या तरी पोरीसाठी तेल मागवील. किंवा बोलेलही, ओसरीवर, सगळ्यांसमोर. मला सांगता येत नाही.

वेणू, लोक पाहत होते म्हणून गं. तेवढ्यासाठी.

हे आलेत. दारात बैलांना पाणी पाजतायत. बाहेरून विचारतायत, "अवो, बुढ्याचं कसं हाय? बैल पुन्हा नांगराले नेऊ ना?"

दुसऱ्यांदा विचारलं.