तिसऱ्या गिअरचं राहिलेलं काम

बाबा, परवा ती जुनी गाडी विकायला काढली. पाहायला आलेला कापसाचा व्यापारी आधी टायर बघत होता, पत्रा ठोकून बघत होता, भाव पाडायची सगळी तयारी करून आला होता. मग त्यानं एक चक्कर मारली आणि परत आल्यावर गिअरच्या दांडीवर हात ठेवून नुसता बसून राहिला. म्हणाला, मॅडम, गाडी पुरानी है, लेकिन ऐसा गेर तो मेरी नई गाडी में भी नहीं. किसने बनाया? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. मेकॅनिक होते का, असं त्यानं विचारलं आणि मी हो म्हणून टाकलं. तुम्ही जिनिंगमध्ये फिटर होता आणि जन्मात कधी गाडी चालवली नव्हती, हे सांगत बसायचं तर त्याला चहा करावा लागला असता. पण तो गेल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, आणि एक गोष्ट कबूलही करायची आहे. ती शेवटी सांगते, नाहीतर बाकीचं लिहायचा धीर होणार नाही.

तेलुगू सीमेवरच्या भीमपूरकडच्या शाळेत माझी बदली झाली आणि दुसऱ्याच वर्षी ऑटो उलटून माझं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर काही परत आला नाही. ऑटोत बसायची छाती होईना, बस वेळेवर मिळेना, म्हणून ही वापरलेली गाडी घेतली. घेतल्यावर लक्षात आलं की गिअर डाव्या हातानं टाकायचे असतात. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे आधी सुचू नये, म्हणजे कमालच. त्यात डाळीच्या भांड्यात पळी फिरावी तशी ती दांडी चहूकडे फिरायची, आणि गिअर मात्र कुठेच सापडायचा नाही. दोन महिने रोज संध्याकाळी मनगट सुजून यायचं. घरातून गाडी विकायचा सल्ला मिळाला. मी लांब रजेचा अर्ज लिहून ठेवला, आणि रजेनंतर नोकरीही सोडावी लागणार हे मला कळत होतं. आई जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. तुम्ही आमच्याकडे राहायला आला होता आणि दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून असायचात. दाढी आठवड्यातून एकदा, तीही मी आठवण केली तर. माझा अर्ज टेबलावर पडलेला तुम्ही वाचलात.

"काऊन वं, हाताले गेर जड झाला त गेर हलका करू," तुम्ही म्हणालात. "नवकरी काऊन सोडतं?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या जिनिंगमध्ये जाऊन पिशवीभर चामडं घेऊन आलात. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रोलरवर चामड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि झिजल्या की त्या फेकून देतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांचं गाडीत काय काम, ते कळेना. तुम्ही अंगणात गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलात. दांडीच्या खालच्या सांध्यातली बुश नावाची कडी झिजून गेली होती. वाळून दगड झालेलं जुनं ग्रीस तुम्ही रॉकेलनं धुऊन काढलंत, चामड्याच्या लहान चकत्या कापून दोन दिवस एरंडीच्या तेलात मुरवल्यात आणि सांध्यात ठोकून बसवल्यात. दांडीचा सगळा खुळखुळा गेला. मी शेजारणीला बोलावून दाखवलं.

सोमवारी शाळेत निघाले आणि रेल्वे फाटकाशी थांबले. फाटक उघडलं, पण दांडी जागची हलेना. मागे कापसाच्या गाड्यांची रांग, त्यांचे भोंगे, कोणी तेलुगूत तर कोणी हिंदीत माझा उद्धार करतंय. शेवटी दोघांनी गाडी ढकलून बाजूला लावून दिली. त्या संध्याकाळी मी तुम्हाला जे बोलले ते आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते. हे तुमचं जिनिंग नाही, म्हटलं, बसा आता खुर्चीत आणि मलाही बसू द्या घरी. भाकरी अर्धी टाकून उठलात.

सकाळी मी दार उघडलं तर तुम्ही गाडीतच बसलेले. "चूक माहीच हाये," म्हणालात. "जिनिंगमधी सुरी अन् रोलर चिकटून लागते. जराशी फट राह्यली का सरकी अंदर जाते. तीस वर्सं फट बुजवत आलो, इथंबी बुजवली. गाडीच्या सांध्याले ढील लागते थोडी. अन् म्या माह्या हातानं पाह्यलं. तुह्या हातानं पाहाले पाह्यजे होतं."

त्या दिवसापासून तुम्ही दांडी मुठीत धरलीच नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढ्यानं हलली तरच काम बरोबर, नाहीतर पुन्हा गाडीखाली. चामडं केसाएवढं तासायचं, बसवायचं, दोन बोटांनी पाहायचं, पुन्हा काढायचं. मग दांडीला वरून चार बोटं पाइपचा तुकडा जोडलात. कशाला, असं मी विचारलं तर म्हणालात, पोराईले तरफ शिकवतं ना तू, मंग मले काऊन इचारतं. ती आकृती मी दहा वर्षं फळ्यावर काढत होते. वर लेथवाल्याकडून पितळेची वजनदार मूठ करून बसवलीत, म्हणजे दांडी निम्मी ढकलली की उरलेलं काम वजनच करतं. एप्रिलात मूठ तव्यासारखी तापायला लागली, तर आईच्या स्वेटरची बाही कापून तिला टोपडं शिवलंत. ती कापताना तुमचा हात थांबला नाही. माझा थांबला असता. रजेचा अर्ज मी फाडून टाकला. आजही मी वर्गात उभी राहते ती तुमच्यामुळे, हे तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही.

तिसरा गिअर तेवढा अडकायचा. तो पाहायला दर रविवारी आपण दोघं भीमपूरच्या रस्त्यानं निघायचो. मी चालवतेय, तुम्ही शेजारी मांडीवर पान्यांची पिशवी घेऊन बसला आहात, डोळे मिटून दांडीचा आवाज ऐकताय. मधेच डोळे उघडून कोणाचं सोयाबीन बरं आणि कोणाचं पिवळं पडलं ते सांगताय. लग्नाआधी आईला पाहायला मुधोळला गेलात आणि भलत्याच घरी चहा-पोहे खाऊन बसलात, तिथली पोरगीही पसंत करून टाकलीत, हे मला त्या रस्त्यावर कळलं. इतकं बोलणं आपण आधीच्या चाळीस वर्षांत मिळून केलं नव्हतं.

आता ती गोष्ट. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिता येतं. उन्हाळ्यातल्या एका रविवारी तिसरा गिअर पडला. नुसतं बोट लावलं आणि लोण्यात सुरी जावी तसा गेला. मी सांगणारच होते. शेजारी पाहिलं तर तुम्ही कोणी न सांगता दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री. तुम्ही विचारलंत, अजून अडकते का? मी म्हटलं, जरासा. पुढच्या रविवारीही तेच म्हटलं. तुम्ही नवीन चकती कापायचात, तासायचात, गाडीखाली शिरायचात, आणि मी अडकतो म्हणायचे. दोन वर्षं. खुर्ची रिकामी राहत होती, मला तेवढंच पाहिजे होतं.

मग दवाखाना. शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझं डावं मनगट धरून म्हणालात, "सारं झालं, बाई. तिसऱ्या गेरचं तेवढं राहून गेलं माह्या हातून." एकही मशीन अर्धं सोडून कधी घरी न आलेला माणूस ते मनाला लावून बसला होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, घरी आल्यावर करू. काम बाकी आहे म्हटलं की तुम्ही थांबाल, असं मला वाटलं होतं.