वळूचा फॉर्म

१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वीस तारखेला माझी केमो सुरू होतेय. त्याआधी बीजांडं काढून गोठवून ठेवली तरच पुढेमागे मूल होण्याची आशा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणून विमा कंपनीत गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी वंध्यत्वाचा पुरावा मागितला. तो केमोनंतर तयार होईल म्हटलं, तर मग केमोनंतर या म्हणाले. तेव्हा गोठवायला काही उरलेलं नसेल, असं सांगितल्यावर ती अडचण त्यांच्या खात्याची नाही, असं शांतपणे कळलं.

गंमत म्हणजे आमच्या पैदास केंद्रातल्या वळूचं बीज गोठवायचा खर्च हीच कंपनी देते. पशुवैद्य म्हणून त्याचा फॉर्म मीच भरते. त्याला आजवर कुणी पुरावा मागितलेला नाही. मला मूल हवंय, आत्या. नवऱ्याचा पत्ता नसला तरी हवंय.

लोभ आहेच, या महिन्यात थोडा जास्त कर.
ठमी

३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

त्याच कंपनीत फॉर्म तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. तिथे माणूस कुणी बघत नाही, रकाने बघतात. एकही रिकामा नसला की मंजुरी. तेव्हा रडत बसू नकोस, वळूचाच फॉर्म भर. मात्र त्यात एक अक्षर खोटं नको. हे ऐकून माझा भाऊ, म्हणजे तुझा बाप, डोक्याला हात लावून बसलाय. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

उलट टपाली कळव.
आत्या

१८ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

फॉर्म लगेच मंजूर झाला होता, धावपळीत कळवायचं राहिलं. जात: माणूस. लिंग: मादी. खुरं: शून्य. स्वभाव: मारका (हे बाबांना विचारून लिहिलं). कानातल्या बिल्ल्याच्या जागी नोकरीचा नंबर टाकला. गृहस्थांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि शिंगं कोणत्या वयात कापली, एवढंच विचारलं. उगवलीच नाहीत म्हटलं. त्यांनी शिक्का मारला.

आज अकरा बीजांडं गोठवली. परवा केमो. मुलाची सोय झाली, आता त्याला आई उरेल ना, याची भीती वाटते.

तुझीच,
ठमी

१९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र घेऊन मीच येतेय. भीती मलाही वाटते, खोटं कशाला सांगू.

पण वळूच्या विम्याची अट तुला ठाऊक आहे. जनावर जिवंत असून ठणठणीत आहे, असा पशुवैद्याच्या सहीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. दुसऱ्या कुणाची सही मी चालवून घेणार नाही. दरवर्षी तूच करायचीस.

आत्या