चालतो की चालायलाय?

१ फेब्रुवारी १९८८, सोमवार

आजपासून नोंदवही माझ्याकडं! कोळारच्या ह्या कारखान्यात पाच वर्षं पोती उचलली, साहेबांनी कधी नाव घेऊन हाक मारली न्हाई. आज म्हणाले, "बळीराम, तू नववी पास ना? रोज सकाळी यंत्रं बघायची आणि वहीत इंग्रजीत लिहायचं. खाली सही."

कामून मीच? माझ्यापेक्षा शिकलेली तिघं हायत.

आधीच्या माणसाची पानं चाळली. रोज एकच वाक्य. द फॅन वर्क्स. द फॅन वर्क्स. पण पावडर भरायच्या खोलीतला धूळ ओढायचा पंखा तर दिवाळीपासून बंद हाय!

२ फेब्रुवारी

तेच वाक्य उतरवलं. सही केली. 

४ फेब्रुवारी

कारकून अमृतप्पांनी टेबलापाशी बोलावलं. "वर्क्स म्हणजे काय, ठाऊक हाय का?" म्हणालो, चालतो. "चालतो म्हणजे एरवी, नेहमीचं. आत्ता ह्या घडीला चालायलाय म्हणायचं तर इज वर्किंग. चालायला न्हाई, तर इज नॉट वर्किंग." जेवणाच्या सुट्टीत रोज शिकवतो म्हणाले. फुकट!

हा लिंगायत माणूस, साहेबांच्या खोलीला लागून ह्याचं टेबल. मला शिकवून ह्याला काय मिळतंय? चहा पुढं केला, मी नको म्हणालो. घरी बायकोला सांगितलं तर भागाबाई म्हणती, "सगळ्यांवरच कामून संशय घ्यायलात?" तिला कारखाना ठाऊक न्हाई.

८ फेब्रुवारी

धीर करून साहेबांना विचारलं — पंखा बंद हाय, वर्क्स कसं लिहू? हसले. "खोटं कुठं आहे? पंखा चालणाराच आहे. आत्ता चालू आहे असं थोडंच लिहितोस?"

मला व्याकरण शिकवलं! पण तपासणीवाले आले तर सही कुणाची दिसणार, ते न्हाई सांगितलं. आता कळलं, नववी पास कशाला पाहिजे होता. सगळं वाचता आलं न्हाई पाहिजे, आन् सही तेवढी करता आली पाहिजे.

९ फेब्रुवारी

अमृतप्पा विचारायलेत, "वर्क्सच लिही, असं कोण म्हणालं तुला?" मी डबा घेऊन उठलो. कुणासाठी विचारायलेत?

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

भरायच्या खोलीतली कलाबाई पडली! पावडर भरता भरता खोकल्याची उबळ आली, ती थांबेच ना. ओठ निळे. आम्ही चौघांनी उचलून मोकळ्यावर आणली, तिथून दवाखान्यात. जीव वाचलाय. पण डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ बसलीया.

आन् वहीत आज सकाळची नोंद — द फॅन वर्क्स. खाली माझं नाव.

डबा उघडला न्हाई. वही घेतली. त्या वाक्यावर काट मारली, खाली लिहिलं — द फॅन इज नॉट वर्किंग. कुणाला विचारलं न्हाई. परत सही केली. 

१३ फेब्रुवारी

सकाळी वही साहेबांनी मागवून घेतली. मी खोलीबाहेर उभा. आत साहेबांचा चढलेला आवाज, मग अमृतप्पांचा — "बळीरामला कुठलं इंग्रजी येतंय, साहेब? काहीच येत न्हाई त्याला."

कानशिलं तापली! आठ दिवस गोड बोलून शिकवलं, आन् आत जाऊन हे! बाहेर आले तर माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. दाखवलंच शेवटी, आम्ही ह्यांच्या लेखी कोण ते. बरं झालं, ह्याचा चहा घेतला न्हाई.

मला मात्र कुणी आत बोलावलं न्हाई. ओरडलंही न्हाई. कामून?

१५ फेब्रुवारी, सोमवार

अमृतप्पांना कामावरून काढलं. शिपाई सांगत होता, त्यांनी शनिवारीच लिहून दिलं — "ते नॉट वर्किंगचं वाक्य माझं, मी सांगितलं तसं बळीरामनं उतरवलं, त्याला अर्थसुद्धा ठाऊक न्हाई."

साहेबांच्या खोलीत गेलो. उभ्यानंच म्हणालो — साहेब, ते वाक्य माझं हाय. मला इंग्रजी येतंय.