कौल लावला तो खेळासाठी

झूटरमेर, नेदरलँड्स, ऑक्टोबर २०२०, मंगळवार संध्याकाळ

आज घरात आलेलं सामान: तांदूळ दहा किलो, बावीस युरो. शेवंती तीन युरोची, पण देवाला फूल हवंच.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेवर ह्यांच्या ऑफिसात पैजा लागल्यात. एक संघ पैसेवाला, दुसरा काटकसरीचा. हे म्हणाले, "तुला दोन्ही सारखेच. तुमच्या कोकणातल्यासारखा कौल लाव." माझं मन काटकसरीवाल्यांकडे, पण मला कोण विचारतंय? देव्हाऱ्यातल्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पैसेवाले. उजवीच पडली.

"आता आईंचंही विचारून टाक," हे हसत म्हणाले.

आई रत्नागिरीला कोविड वॉर्डात आहे, मला तिकीट मिळत नाही. तिच्यासाठी कौल लावायची हिंमत इतक्या दिवसांत झाली नाही, डावी पाकळी, म्हणजे देवाचा नकार, आधी पडली तर काय करू? आणि परक्यांच्या चेंडूफळीसाठी मात्र देवाला कामाला लावलं. ह्यांना नाही म्हणता आलं नसतं का मला? डावी पाकळी अजून मूर्तीला चिकटलेली आहे. हात लावायची भीती वाटते.

रत्नागिरीची वहिनी फोन उचलत नाही. शेवटी मेसेज केला, जुन्या सवयीने पत्रासारखाच: आईचं जे असेल ते खरं, उलट टपाली कळव.