दोनशे डोळ्यांचा फोन

८ नोव्हेंबर, शनिवार

शी! एक लाख तीस हजार! फोनला!

आमच्या ओमनं हिंजवडीहून ऑफिसातल्या मित्रांचे दोन फोन मागून आणलेत. एक काळा, एक चांदीच्या रंगाचा. सोमवारी परत करायचे. दोन दिवस वापरून बघणार आणि मग त्यातला एक स्वतःला घेणार. नातू माझाच. पण शहाणा म्हणायला जीभ रेटत नाही.

दुपारपासून ओसरीवर दोन्ही मांडून बसलाय. खळ्यात भात झोडायचं पडलंय, बाप एकटा राबतोय, आणि हा मला शिकवतोय — "आजी, हे फ्लॅगशिप आहेत." म्हणजे काय रे? "कंपनीचा सगळ्यात वरचा फोन." आणि प्रोसेसर? "तो फोनचा मेंदू. ह्याच्यातला तीन नॅनोमीटरचा आहे." केसाहून कितीतरी बारीक, म्हणे. मी म्हटलं, "एवढासा मेंदू तर घरात फुकट हाय की." त्याची बहीण दिशा हसून हसून लोळली.

मग दोन्ही फोनवर गाड्यांचा खेळ लावला. कुठला अडखळतो ते बघायचं होतं. अर्ध्या तासात काळा एवढा तापला की हातात धरवेना. भाकरी टाक म्हटलं वर! तरी काळाच भारी. चांदीवाल्यापेक्षा वीस हजार जास्त. तापण्याचे असतील.

आम्ही म्हैस घ्यायला जायचो तेव्हा दात बघायचो, सड बघायचो आणि विकणाऱ्याच्या दारात मुक्काम करून दोन वेळची धार काढून बघायचो. मगच खिशात हात. कारण बाजारात तुंबवलेली म्हैस आणतात. आदल्या दिवसापासून धारच काढायची नाही. कास अशी टरटरून येते की घेणारा भुलतो. घरी आणली की तिसऱ्या दिवशी तांब्याभर दूध!

ओमला हे सांगितलं तर म्हणतो, "आजी, फोनची धार कशी काढायची?"

काढते. बघच तू.

९ नोव्हेंबर, रविवार

काढली धार.

मला अंगणात उन्हात उभं केलं आणि दोन्ही फोननं फोटो काढले. चांदीवाल्यात मी जशी आहे तशी. सुरकुत्या, तोंडाचं बोळकं, सगळं जागच्या जागी. काळ्यात बघते तर — ही कोण बाई? गुळगुळीत, सोललेल्या अंड्यासारखी. हनुवटीवरचं गोंदण गायब! कपाळावरचंही गायब!

सात वर्षांची होते. गोंदणारी दारात बसलेली, आईनं माझे दोन्ही हात दाबून धरलेले, मी बोंबलून आळी गोळा केली होती. एवढं रडून मिळवलेलं गोंदण. ह्या फोनला ती घाण वाटली आणि त्यानं पुसून टाकली. माझा नवरा गेणबा, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. तो हा फोटो बघून म्हणाला असता, बाई, कुणाच्या घरची गं तू, उन्हाची कशाला आलीस?

"दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, आजी. दोनशे डोळे समज."

दोनशे डोळे, आणि गोंदण दिसेना! माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी मला दिसतं.

ओमही चांदीवाल्याकडे झुकला होता. तेवढ्यात सुलक्षणा आली. माझी सून, ह्या दोघांची आई. पदराला हात पुसत तिनं माझा गुळगुळीत फोटो बघितला. लई वेळ बघितला. मग म्हणाली, "ह्याच फोननं दिशाचा काढ."



१० नोव्हेंबर, सोमवार

काल पुढचं बोलवेना म्हणून थांबले.

आमच्या दिशाच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग आहे. कानापासून हनुवटीपर्यंत. पोर पंचवीस वर्षांची झाली, तीन स्थळं त्या डागावरून परत गेली. आता नथूभाऊ, जे सोयरिकी जुळवतात ते, महाळुंग्याचं स्थळ घेऊन आलेत. मुलाचं नाव रोहित. त्यांना आधी फोटो हवाय.

काढला फोटो. काळ्या फोननं. डाग नाही! पुसल्याचीही खूण नाही. कधी पडलाच नव्हता असा गाल.

इथं खोटं कशाला बोलू? घटकाभर मला बरं वाटलं. पोटभर बघून घेतलं. आणि मग स्वतःचीच किळस आली.

दिशानं आज सकाळी बघितला. म्हणाली, "छान आहे की ही. हिचंच लग्न लावून द्या." आणि गाडीला किक मारून पौडला कामाला गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फोटो महाळुंग्याला गेला. ओमनं काळा फोन घ्यायचं ठरवलं. आईच्या हट्टानं. शी.

मला म्हणतो, "आजी, तुझा जुना दे, बदल्यात अकराशे रुपये कमी होतील." माझा हा फोन तडकलेला आहे. पण दिशानं मला ह्याच्यावरच शिकवलं. माइकचं चित्र दाब, बोल, तो लिहून ठेवतो. तारीखही तोच घालतो. मला अक्षर येत नाही ते बरंच आहे. माझं लिहिलेलं निदान मी तरी चोरून वाचणार नाही.

नाही देणार, म्हटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज बोलूनच टाकते.

तेव्हा घरात गिझर नव्हता. परसात तांब्याचा बंब होता. अजून आहे, वीज गेली की पेटवतो. दिशा तीन वर्षांची. मी बंबातलं कढत पाणी काढून मोरीत घंगाळ भरलं. तेवढ्यात शेळी सुटली आणि वाफ्यात शिरली. मी तिच्या मागं धावले. शेळीला धरून खुंट्याला बांधते, तोच किंकाळी. पोर काठाला धरून वाकली होती आणि डाव्या अंगानं आत गेली होती.

मी विसण घातलं होतं का?

कढत पाण्यात गार पाणी घालायला असा कितीसा वेळ लागतो? रोज घालायची. हात आपोआप करायचा. त्या दिवशी केलं का हातानं? बावीस वर्षं आठवून बघते. शेळी आठवते, तिच्या तोंडातला मेथीचा पाला आठवतो. विसण आठवत नाही.

नसणारच घातलं. नाहीतर पोर भाजली कशी?

सुलक्षणा मला एका शब्दानं बोलली नाही. त्या दिवशी नाही, दवाखान्यात नाही, आजपर्यंत नाही. आई-माईवरून शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फोटो पसंत पडला! पडणारच. पुढच्या रविवारी, म्हणजे तेवीस तारखेला, बघायला येतायत.

सुलक्षणाची तयारी काय सांगू! केस डाव्या बाजूनं मोकळे सोडायचे. खुर्ची खिडकीपाशी अशी लावायची की उजवा गाल उजेडात येईल. चहा दिशानं द्यायचा नाही, वाकावं लागतं. ही तुंबवलेली म्हैसच की! तिसऱ्या दिवशी काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हैस परत आणून बांधतात दारात.

ओम नव्या फोनशी चाळा करत होता. "आजी, हे बघ, ते चेहरा गुळगुळीत करणं बंद करता येतं. आता काढतो तुझा... आलं बघ गोंदण!" आलं की खरंच. टिपका न टिपका. मग मेल्या, आधी का नाही बंद केलंस? तो खाली बघून म्हणाला, "मित्राच्या फोनमध्ये आधीच चालू होतं. मला त्याच रविवारी कळलं होतं. आई म्हणाली, राहू दे."

म्हणजे फोनचा दोष नाही. बिचारा दोनशे डोळे मिटून बसला होता.

मी सुनेला गाठलं. "पोरीची लाज वाटती व्हय गं तुला?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तुमाला न्हाई कळायचं, आत्याबाई."

मला नाही कळायचं! मला!

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिशा आज सुट्टीवर. सकाळी बापाबरोबर खळ्यात भात उफणत होती. केस मागं घट्ट बांधलेले, घामानं डाग चकाकतोय, आणि बापाच्या कशाला तरी खदाखदा हसत होती. मी माझ्या तडकलेल्या फोननं फोटो काढला. कोपऱ्यात माझं बोट आलंय. बाकी सगळं खरं आहे.

तिला दाखवला. तिनं बोटांनी मोठा करून स्वतःचा गाल बघितला. मग म्हणाली, "हा पाठव नथूमामांना."

"तूच पाठव की."

"मी पाठवला तर आई मला सोलेल. तुला कोण बोलणार?"

मला नावं वाचता येत नाहीत, मी चित्रावरून माणूस ओळखते. नथूभाऊंच्या चित्रात शर्यतीचा बैल आहे, पांढरा, शिंगं रंगवलेली. बैल शोधला, फोटो टाकला, माइक दाबून बोलले — "नथूभाऊ, गोजराबाई बोलती. आधीचा फोटो तुंबवलेल्या म्हशीचा हाय. हा खरा. डाग माझ्या हातून पडलाय, मी विसण घालायला चुकले. पोरीचा काही दोष न्हाई. बघून पटलं तर या, न्हाईतर चहा वाचला आमचा."

झोप चांगली लागेल आज.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

देवा! बैल चुकला!

आमच्या भावकीचा ग्रुप आहे. त्यांचा बैल गेल्या आठवड्यात शर्यत जिंकला म्हणून त्यांनी ग्रुपला त्याचंच चित्र लावलं. मला काय माहीत? पांढरा बैल तो पांढरा बैल. अठ्ठेचाळीस माणसांनी माझं बोलणं ऐकलं! कुणी हात जोडले, कुणी फुलं पाठवली, एका शहाण्यानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

दिशा म्हणाली, "आजे, अख्ख्या भावकीत मला म्हैस केलीस."

संध्याकाळपर्यंत महाळुंग्याला पोचलं असणार. भावकीपुढे कुठला प्रोसेसर टिकतो!

२० नोव्हेंबर, गुरुवार

सून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बाजूला ठेवते, जाते. तिनं माझं ग्रुपवरचं बोलणं दोनदा ऐकलं म्हणे. तिचा डाव मोडला म्हणून राग असेल. असू दे. मीही बोलत नाही.

महाळुंग्याहून नकार नाही. होकारही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आले!

रोहित, त्याचे आईबाप आणि मान खाली घातलेले नथूभाऊ. दिशानं केस मागं बांधले, खुर्ची स्वतः उचलून खिडकीपासून लांब ठेवली आणि चहा वाकून दिला. सुलक्षणा दाराआडून बाहेरच आली नाही.

रोहितचा फोटो आमच्याकडे होता. त्यात डोक्यावर दाट केस. दारातून आला तो कपाळ टाळूपर्यंत पोचलेलं! मी विचारलंच, "बाबा, फोटो कुठल्या फोननं काढला?" त्याच्या आईला ठसका लागला. तो मात्र हसला. खिशातून फोन काढून दाखवला. काळाच! ओमचाच!

मग दिशाकडे बघून म्हणाला, "मला दोन्ही फोटो मिळाले. आम्ही आलो ते दुसऱ्या फोटोमुळे. बोट आलंय तो."

मोठ्यांनी विचारलं, पसंत आहे का? आमची बया म्हणते कशी — "अजून सांगत नाही. आमच्यात दोन वेळची धार काढून बघतात. दोनदा भेटू, मग सांगते."

माझ्या तोंडातला चहा बाहेर आला.

ते गेल्यावर मी आत गेले. सुलक्षणा चुलीपाशी नुसती बसलेली. डोळे सुजलेले. एवढं चांगलं झालं तरी हिचं रडं! मला तिटकारा आला. तसं तिला म्हणालेही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी वीज नव्हती. सुलक्षणानं परसात बंब पेटवला, कढत पाणी घंगाळात काढलं. मी विसणाची कळशी घेऊन गेले. ती बंबाकडं बघतच म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी तुमी विसण घातलं होतं. पानी कोमट झालं म्हनून मी वरनं कढत वतलं, आन् टावेल आनायला आत गेले. तुमी आपल्याच माथी घेतलं. मी घेऊ दिलं."

 तिच्या हातातला तांब्या मी काढून घेतला. कळशी घंगाळात रिकामी केली आणि तिला म्हटलं, "हात घालून बघ."