एकाच पेल्यातली माहिती

आई,

तुझी लिदू जिंकली गं! वखारीसाठी मी आखतेय त्या नव्या संगणक-सिस्टिममध्ये काय हवं, हे टेबलाटेबलाशी विचारलं, तर सगळे म्हणाले, "झकास चाललंय, बाई!"

मग मी आंब्याखाली त्यांच्यात तेरेरे प्यायला बसले, तोच आपला गार पानांचा काढा, सगळ्यांचा एकच पेला. पेला फिरू लागला तसे भांडारवाले एलेउतेरिओकाका भडकले, "बिल झाल्यावर ही पेर्ला फोनवरून माल बदलते!" विक्रीवाली पेर्ला उसळली, "तुमच्याकडे माल असतो कुठे?" त्या भांडणातच मला सिस्टिमसाठी हवं ते सगळं मिळालं.

आज माझा आराखडा मंजूर झाला. एवढं गार पिऊन पोट जरा बिघडलंय, काळजी नको. तुझा गुडघा?

वखारीच्या साहेबांनी आजच्या तेरेरेच्या फेरीतच विचारलं, "दुसऱ्या वखारीचं कामही घ्याल?" पेला परत देताना "आभारी आहे" म्हटलं की आपल्यात त्याचा अर्थ "आता पुरे." मी आभार न मानताच रिकामा पेला पुन्हा भरायला पुढे केला.

तुझी, अजून तहानलेली,
लिदू