गाईने नापास केलेला दरवाजा

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून नमस्कार. (मान खाली का, ते पुढे कळेलच.) तुझा गुडघा कसा आहे? तांबडीचं वासरू अजून दावं चावतं का? मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तू दोनदा "बरं, बरं" म्हणतेस आणि धार काढायला निघून जातेस. दादा वाचून दाखवेल. (दादा, मधेमधे स्वतःची मतं घालू नकोस. आत्या तुझी वाक्यं लगेच ओळखते.)

तर आत्या, मला स्वतंत्रपणे दिलेली पहिली इमारत उभी राहिली. जनावरांचा दवाखाना. घरातली पहिली पदवीधर शिकून शिकून शेवटी गोठाच बांधते आहे असं दादा म्हणेल. त्याला म्हणू दे. मी अकरा पुस्तकं वाचून हे काम केलं. तरी कुत्र्यांच्या खोल्यांची दारं समोरासमोर ठेवली गेली, आणि आता एकाने हाक दिली की बाकीचे सगळे अनुमोदन देतात. इथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलतात, पण जे बोलतात ते लागतं. त्यांनी कानात कापूस घालून विचारलं, "हा वॉर्ड आहे की सोसायटीची मीटिंग?" मग मधे भिंती घालाव्या लागल्या. मांजरांची खोली मात्र जमली. मांजरांनी काहीच तक्रार केली नाही, आणि मांजरांकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही म्हणे.

पण माझा जीव होता तो मोठ्या जनावरांच्या बाजूत. तुला आठवतं, तांबडीची आई आजारी होती तेव्हा दवाखान्याचं दार तिच्या पोटाहून अरुंद निघालं होतं? तिला बाहेर पावसात ठेवून सुई टोचली आणि तू डोक्यावरची घोंगडी काढून तिच्या पाठीवर टाकलीस. मी तेव्हा दुसरीत होते. या दवाखान्याच्या नकाशात मी पहिली रेघ मारली ती त्या दाराची. दोन गाई गप्पा मारत शेजारी-शेजारी आत येतील एवढं रुंद. आणि सगळं पाणी, शेण धुऊन जावं म्हणून उंबऱ्याच्या जागी आडवी नाली, वर काळी लोखंडी जाळी. त्या जाळीचा मला एवढा अभिमान होता की मी तिचा फोटो आईला तीनदा पाठवला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी चाचणीसाठी शेजारच्या डेअरीतली एक शांत गाय आणली. ती डुलत डुलत दारापर्यंत आली, खाली बघितलं आणि थांबली. जी थांबली ती थांबलीच. आत हिरवा चारा ठेवला, मागून दोघांनी रेटलं, बांधकामावरचा मुकादम पुढून दोरी ओढता ओढता स्वतःच आत जाऊन बसला. मी आत उभी राहून तू हाकारतेस तशी हाकारत होते. (दादा, हसलास तर पत्र आत्याकडे दे आणि बाहेर जा.) मग ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. आमच्या ऑफिसातल्या थोरल्या साहेबांना दाराचा रंग भडक वाटला, म्हणून मंगळवारी रंग बदलला. मुकादमाला आत अंधार वाटला, बुधवारी चार दिवे वाढवले. गाय रोज येऊन सगळं नीट न्याहाळायची आणि परत जायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इमारत सुंदर आहे गं. बाहेरून बघायला गाईलाही आवडते."

काल साहेबांनी निकाल दिला. पुढच्या शनिवारपर्यंत गाय आत गेली नाही, तर ते दार विटांनी बंद करायचं, त्या बाजूचं सामानघर करायचं आणि दवाखाना फक्त कुत्र्या-मांजरांचा ठेवायचा. म्हणजे इथल्या गाई पुन्हा पावसातच. अकरा पुस्तकांत जनावराला उजेड किती, हवा किती, सगळं आहे. ते आत का येत नाही, हे कुठेच नाही. घरच्यांना सांग, माझं उत्तम चाललं आहे.

तुझी लाडकी (अजून असले तर),
भाची

ता. क. : खरं विचारायचं ते राहिलंच. पुढच्या शनिवारी येशील का? तू गाईकडे नुसतं बघून सांगतेस तिला काय खुपतं ते. डॉक्टरीणबाईंना मी सांगून बसले आहे की माझ्या ओळखीच्या एक मोठ्या तज्ज्ञ आहेत.

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आधी वरचं सगळं परत वाचलं आणि काळ्या जाळीच्या वाक्यावर अडकले. गाईला तिथे खड्डाच दिसत असणार. तू गोठ्यासमोरच्या गटारावर गोणपाट टाकायचीस ना, गाई नेताना? आत्ता मुकादमाकडून सिमेंटचं रिकामं पोतं घेतलं, जाळीवर अंथरलं, वर थोडी माती पसरली. गाय माहेरी आल्यासारखी आत गेली आणि चारा संपेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हती. साहेब म्हणाले, हे नकाशात कुठे आहे? आता नाली भिंतीकडेला सरकवायची ठरली आहे.

ता. क. ३ : तरीही ये. नव्या नकाशावर "सल्लागार" म्हणून एक चौकोन असतो, त्यात मी तुझं नाव लिहिलं आहे. साहेबांनी तुझं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, त्या स्वतःच येऊन सांगतील.

ता. क. ४ : दादा, हे हळू वाच. चौथीत असताना स्वच्छतेवर निबंध लिहून मी ते गोणपाट घाणेरडं म्हणून उकिरड्यावर टाकलं होतं, आणि आत्याला अडाणी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दुसरं गोणपाट टाकून गाई घेऊन गेली. तिला म्हणावं, मान त्यासाठी खाली आहे.